व्याही, पिवळ्या आणि पाण्याची शिट्टी

पोस्टमास्तरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती आणि त्यातली अकरा त्यांनी टेकडी चढण्यात घालवली होती. टेकडी त्यांना मुळीच आवडत नसे. गुडघे कुरकुरत, धाप लागे, आणि एवढं करून वर बघण्यासारखं काय, तर एक बंद पडलेली पवनचक्की. खाली कालव्याच्या कडेने चांगली सपाट वाट होती, मध्ये बसायला दोन बाकं होती, बदकं होती. पण रोज सकाळी कुठल्या वाटेने फिरायला जायचं हे पोस्टमास्तरांच्या हातात नव्हतं. ते त्यांच्या व्याह्यांच्या हातात होतं, आणि व्याह्यांचा जीव टेकडीवर.

व्याही पियानोचे सूर लावून देत. शाळेच्या सभागृहातला पियानो, नाचाच्या वर्गातला, डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यातला आणि आसपासच्या गावांतले वीसेक, सगळे त्यांच्या हाताखालून जात. लोक त्यांना सूरवाले म्हणत. त्यांची एकुलती एक मुलगी पोस्टमास्तरांच्या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून हे दोघं एकमेकांना मोठ्या अदबीने 'अहो व्याही' म्हणत आणि त्याच अदबीने एकमेकांचे पाय ओढत. फिरायला तिसऱ्या बेकरीबाई. सकाळची भट्टी उतरवून, दुकान बहिणीच्या स्वाधीन करून, भुवयांवरचं पीठ तसंच ठेवून त्या निघत. दोन व्याह्यांची जुंपली की त्यांची सकाळ सार्थकी लागे.

वाटेचा मान कुणाचा, हे एका पक्ष्यावर ठरे. पिवळ्या पोटाचा, मुठीत मावेल एवढा तो पक्षी. पुस्तकातलं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे नुसतं 'पिवळ्या' म्हणत. अख्खा हिवाळा त्याचा पत्ता नसे, आणि मग थंडी सरता सरता एका सकाळी तो कुठल्यातरी उघड्याबोडक्या फांदीवरून शीळ घाली. दोन सूर खाली, तिसरा एकदम वर. बाकी कळ्या, कोंब, कोवळी उन्हं हे सगळं ठीक, पण ती शीळ ऐकल्याशिवाय हे तिघं वसंत आला असं मानत नसत. जो ती आधी ऐकेल आणि 'आला' म्हणेल, तो वर्षभराचा मानकरी. वाट त्याने ठरवायची, पुढे त्याने चालायचं, फाटकं बाकीच्यांनी उघडायची. उगाच खोटं 'आला' म्हटलं तर मात्र ते वर्ष बाद.

याची एक नोंदवही होती आणि ती पोस्टमास्तरांकडे असे. तारीख, वेळ, ठिकाण, वारा कुठल्या दिशेचा, सगळं त्यात शिस्तीत लिहिलेलं. मानकऱ्याच्या रकान्यात मात्र अकरा वर्षं एकच नाव होतं. ते नाव त्यांना दर वर्षी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहावं लागे.

"माणसाला असे कान असतात का कुठे?" ते बायकोपाशी चरफडत.

"त्यांचं पोट कानांवर चालतं," बायको म्हणे. "तुमचं शिक्के मारण्यावर चाललं. तुम्हाला कसे असतील?"

यंदा मात्र पोस्टमास्तरांनी मनाशी चंग बांधला होता. कान वाढवता येत नाहीत, पण दुसऱ्याला तोंडघशी पाडता येतं. खेळण्यांच्या दुकानात त्यांना एक मातीची शिट्टी मिळाली, पक्ष्याच्या आकाराची. पोटात पाणी भरून फुंकली की ती अशी काही किलबिले की ऐकत राहावं. बेत सोपा होता. पिवळ्या यायला अजून दोन आठवडे अवकाश असताना झुडपामागून ही वाजवायची. व्याही छाती काढून 'आला' म्हणणार. मग पोस्टमास्तर शिट्टी हातात घेऊन बाहेर येणार. वर्ष बाद! तो मुखडा बघण्यासाठी एखादा हिवाळा जास्त काढायलाही त्यांची तयारी होती.

चार दिवस त्यांनी मोरीत कोंडून घेऊन सराव केला. पहिल्या दिवशी बायकोने दार ठोठावून पोट बरं नाही का म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी दोन सूर खाली आणि तिसरा वर हे जमू लागलं. चौथ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "नाना, मोरीच्या खिडकीत पक्षी अडकलाय वाटतं. बिचारा केव्हाचा ओरडतोय." पोस्टमास्तरांचा ऊर भरून आला. निवृत्तीच्या समारंभात शाल घातली तेव्हाही तो एवढा भरून आला नव्हता.

बेकरीबाईंना सामील करून घेणं भाग होतं, कारण व्याह्यांबरोबर कुणीतरी साक्षीदार हवा.

"मला नका ओढू तुमच्या भानगडीत," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ पाव मोजत राहिल्या. "कालव्याच्या वाटेवर झाडाखालचं बाक माझं असेल तर बघते."

"तुमचं," पोस्टमास्तर म्हणाले.

"आणि त्यांना फार हसायचं नाही."

"छे, अगदी थोडं."

ठरल्या दिवशी पोस्टमास्तरांनी सर्दीचं निमित्त केलं आणि दोघांच्या आधी आडवाटेने टेकडीच्या पायथ्याशी जाऊन काटेरी कुंपणामागे दबा धरून बसले. सकाळ कडाक्याची होती, पण हिवाळ्याची हाडं खिळखिळी झाल्याचं दिसत होतं. ओहोळावरचं पातळ बर्फ कडेने सुटलं होतं आणि खालून पाण्याची खळखळ येत होती. कुंपणाच्या काड्यांवर मोहरीएवढे लाल कोंब टरारले होते. नांगरलेल्या शेतातून ओल्या मातीचा वास येत होता. हे सगळं पोस्टमास्तरांना अगदी जवळून पाहायला मिळालं, कारण ते त्यात गुडघाभर बुडाले होते.

दोघं आली. सूरवाले पुढे, हात मागे बांधून, कुठल्यातरी पियानोच्या वाळवीची कथा सांगत. बेकरीबाई मागे, हसू दाबत. पोस्टमास्तरांनी शिट्टी ओठाला लावली.

दोन सूर खाली, एक वर. मोरीत झाली नव्हती एवढी सुरेख झाली.

बेकरीबाई थबकल्या. सूरवाले वाळवी सांगत पुढे गेले.

पोस्टमास्तरांनी पुन्हा फुंकली, जरा जोरात. शेतातल्या गाईने मान वर केली. सूरवाल्यांनी केली नाही. तेव्हा पोस्टमास्तर इरेला पेटले. ते वाकून वाकून कुंपणाच्या कडेने पुढे सरकले, फटीतून बाहेर आले, आणि व्याह्यांच्या पाठीमागे पाच पावलांवर उभं राहून त्यांनी गाल फुगवून शिट्टी वाजवली. पाणी उडून त्यांच्या मिशीवर आलं. ओहोळावरून दोन कावळे उठले. सूरवाले म्हणत होते, "...आणि आतून बघतो तर काय बाई, लाकडाचा नुसता भुसा!"

पोस्टमास्तर तसेच मागे सरकून कुंपणात शिरले आणि खालच्या वाटेने तणतणत घरी आले. व्याह्यांनी आपला बेत ओळखला आणि वर मख्ख चेहऱ्याने आपलीच फजिती केली, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

"पक्का आहे!" ओले मोजे काढता काढता ते बायकोला म्हणाले. "मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मनातल्या मनात मला हसत असेल. वाळवी म्हणे!"

दुपारी बेकरीबाई स्वतः आल्या. एरवी त्या कुणाकडे जात नसत. हातातला पाव त्यांनी टेबलावर ठेवला आणि तो परत उचलून दुसरीकडे ठेवला.

"त्यांनी काही ओळखलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना ऐकूच आलं नाही."

"काहीतरीच काय!"

"मी त्यांच्या शेजारी होते. डोळ्याची पापणी हलली नाही. आणि एक सांगू? आता आठवतंय. गेल्या वर्षी पिवळ्या आला तेव्हा मी आधी थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग 'आला' म्हणाले."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, त्यांनीही तेव्हाच ऐकलं असणार, माझ्याकडे पाहिलं ते सहज. त्यांच्या कानांवर शंका घ्यायची कुणाची छाती आहे?"

पोस्टमास्तरांना हे पटलं नाही. पटवून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं. दुसऱ्या दिवशी ते पक्कड मागायचं निमित्त करून व्याह्यांच्या घरी गेले. सूरवाल्यांची कामाची खोली रस्त्याला लागूनच होती. दार उघडंच होतं. खोलीत लोकरीचा आणि सरसाचा वास, टेबलावर कुठल्यातरी पियानोच्या पोटातली लाकडी हातोड्यांची रांग, आणि सूरवाले दाराकडे पाठ करून एकेका हातोडीवरची झिजलेली लोकर काढत बसलेले.

"या व्याही," ते मागे न वळता म्हणाले. "पायपुसण्यावर पाय पुसा."

पोस्टमास्तरांच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. बेकरीबाईंना पीठ चढलंय, ते मनात म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांना आरसा दिसला. टेबलापलीकडच्या भिंतीवर, दाराच्या बरोबर समोर, दाढीचा एक आरसा नवीनच खिळ्यावर टांगला होता. मग एकेक दिसू लागलं. टेबल पूर्वी खिडकीशी होतं, ते आता इथे आणलं होतं. आतल्या स्वयंपाकघराचं दार काढूनच टाकलं होतं, म्हणजे बसल्या जागेवरून शेगडी दिसावी. शेगडीवर शिट्टीची किटली केव्हाची किंचाळत होती, आणि सूरवाले लोकर काढत होते. थोड्या वेळाने त्यांनी तिकडे मान वळवली, वाफ पाहिली आणि उठून किटली उतरवली.

ते परत येऊन टेबलाशी बसले तोवर पोस्टमास्तर आरशातून बाजूला, कपाटाआड सरकले होते.

"व्याही," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुमची टेकडी भिकार आहे."

सूरवाल्यांनी पुढची हातोडी उचलली.

"तुमचा चहा पाणचट असतो. लग्नात तुम्ही मला दिलेली छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली, आणि ती दोन वर्षं मी तुमच्यासमोर तशीच मिरवली." अकरा वर्षं पोटात ठेवलेलं एकेक बाहेर येऊ लागलं. "नातवाच्या बारशाला तुम्ही मला गाऊ दिलं नाहीत. सूर नाही म्हणालात. चारचौघांत."

समोरची पाठ हलली नाही. असं बोलायची संधी मिळावी म्हणून पोस्टमास्तरांनी वाट्टेल ते दिलं असतं, आणि आता ती मिळाली होती तर तिची चवच लागत नव्हती. या माणसाने आयुष्यभर तारेला कान लावून, ती एवढीशी थरथरली तरी ओळखली होती. आणि आता तो भिंतीवरच्या आरशाच्या जिवावर घरात बसला होता, कुणाला कळू नये म्हणून. पोस्टमास्तर पक्कड न घेताच बाहेर पडले आणि बराच वेळ रस्त्यावर उभे राहिले.

संध्याकाळी त्यांनी सुनेला एकीकडे बोलावलं. तिला सांगायला त्यांना शब्द जुळवावे लागले नाहीत. ती ऐकता ऐकताच डोळे पुसू लागली.

"मला माहितेय नाना. फोनवर नुसतं 'हो हो, बरं बरं' चालतं. मी काय म्हणते ते त्यांना कळतच नाही. तीनदा म्हटलं डॉक्टरांकडे जाऊ. तिसऱ्या वेळी एवढे चिडले की आठवडाभर बोलले नाहीत. म्हणाले, सूरवाल्याला ऐकू येत नाही हे एकदा गावाला कळलं की मी संपलो."

"डॉक्टर काय करतील?"

"मी विचारून आलेय. लवकर आलात तर यंत्र बसवून पुष्कळ भागतं म्हणाले. उशीर केला तर मग काही सांगता येत नाही. आणि शाळेच्या पियानोचं काम महिन्यावर आलंय. तो बेसूर लागला तर सगळ्या गावासमोर लागेल." ती नाक ओढून म्हणाली, "माझं ते ऐकणार नाहीत. तुमचं तर मुळीच नाही."

"माझं कशाला ऐकतील," पोस्टमास्तर म्हणाले. "मी त्यांचा व्याही आहे."

पण त्या दिवसापासून ते रोज टेकडी चढू लागले, एकही दिवस न चुकता आणि एकदाही न कुरकुरता. बेकरीबाईंना हे कुरकुरण्यापेक्षा भयंकर वाटलं. पोस्टमास्तर आता वाट बघत नव्हते, व्याह्यांकडे बघत होते. सूरवाल्यांची नजर सारखी भिरभिरे. कुणी बोलू लागलं की ओठांवर, कुणी थांबलं की तोंडावर. स्वतःच अखंड बोलत राहायचं, म्हणजे ऐकायची वेळ येत नाही, ही त्यांची युक्तीही लक्षात आली. इतकी वर्षं पोस्टमास्तर तिला बढाई समजत आले होते.

दिवस उबदार होत गेले. ओहोळ मोकळा वाहू लागला. पायवाटेच्या कडेला मेलेल्या गवतातून इवलीशी पिवळी फुलं वर आली. एका फुलात कसलीशी माशी डोकं खुपसून बसली होती आणि ती बाहेर येईपर्यंत तिघंही खोळंबून राहिले. मेंढ्यांच्या कळपात तीन नवीन कोकरं दिसली. आणि मग एका सकाळी, पवनचक्कीच्या अलीकडच्या वळणावर, पिवळ्या आला.

बेकरीबाई खाली फाटकाशी बुटाची नाडी बांधत राहिल्या होत्या. सूरवाले चार पावलं पुढे होते. डोक्यावरच्या फांदीतून शीळ आली, स्वच्छ, धुतल्यासारखी. पोस्टमास्तरांचे पाय जागच्या जागी थिजले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती सगळ्यांच्या आधी ऐकली होती. 'आला' हा शब्द जिभेवर आला, दातांपर्यंत आला. डोळ्यांपुढे कालवा दिसला, बाकं दिसली, बदकंसुद्धा दिसली.

सूरवाल्यांनी वळून पाहिलं. पोस्टमास्तरांचा वर गेलेला चेहरा पाहिला, ती फांदी पाहिली. त्यांच्या डोळ्यांत अशी काही धांदल उडाली की पोस्टमास्तरांनी तो शब्द गिळला.

"आला!" सूरवाले हात उंचावून म्हणाले. "आला! ऐकलात ना?"

"काय?" पोस्टमास्तर म्हणाले.

"काय म्हणजे? पिवळ्या!"

"कुठे? मला नाही ऐकू आला."

सूरवाले गोंधळले. "मग थांबलात कशाला?"

"गुडघा."

पिवळ्या वर गळा काढून ओरडत होता. तेवढ्यात बेकरीबाई धापा टाकत आल्या आणि लांबूनच ओरडल्या, "आला की हो, आला!" सूरवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना चेव आला.

"अहो व्याही, डोक्यावर बसून ओरडतोय तो! या बाईंना फाटकाशी ऐकू आला. तुम्ही बहिरे झालात की काय?"

बेकरीबाईंनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडाचा आ झाला. पोस्टमास्तरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की तो लगेच मिटला.

"हल्ली कमीच येतं ऐकू," पोस्टमास्तर शक्य तितक्या दीनवाण्या सुरात म्हणाले. तोंड मात्र त्यांनी नीट व्याह्यांसमोर धरलं होतं. "घरी कुणाला बोललो नाही. लाज वाटते."

"त्यात लाज कसली?" सूरवाले म्हणाले आणि एकदम त्यांनी नजर पायवाटेकडे वळवली.

"मंगळवारी दवाखान्यात कानाचे डॉक्टर येतात म्हणे. पण एकट्याला धीर होत नाही हो. तुम्ही याल का बरोबर?"

"येईन की," सूरवाले जरा थांबून म्हणाले. "न यायला काय झालं?"

"आणि आलाच आहात तर तुम्हीही बसा यंत्रापुढे. चांगले कान कसे असतात ते डॉक्टरांनाही बघू दे."

"बघू," सूरवाले म्हणाले आणि टेकडी उतरेपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत. त्या दिवशीची नोंद पोस्टमास्तरांनी नेहमीसारखीच केली, वळणदार अक्षरात, बाराव्यांदा त्याच नावावर.

नाटक करायचं तर ते पुरं करावं लागतं, हे पोस्टमास्तरांना पुढच्या चार दिवसांत कळलं. सूरवाल्यांनी ही बातमी मोठ्या आपुलकीने घरोघर पोचवली. बेकरीबाईंना खरं ठाऊक असूनही त्या दुकानात भर गर्दीत "पाव पाहिजे का पाऽऽव?" असं त्यांच्या कानात ओरडल्या, हे त्यांनी निव्वळ हौसेने केलं. जुने टपालवाले रस्त्यात खाणाखुणा करू लागले. नाभिकाने कानावरचे केस जास्त कापले आणि पैसे घेतले नाहीत. बायकोलाही सगळं सांगितलं होतं, पण तिने शेजारणीला दारातच थांबवून, पोस्टमास्तर समोर बसलेले असताना, "आता यांच्यापुढे काहीही बोलता येतं बाई," असं म्हणून त्यांच्या घोरण्यापासून सुरुवात केली. पोस्टमास्तरांना वर्तमानपत्राआड मख्ख बसून राहावं लागलं. सूनबाई तेवढी आतल्या खोलीत तोंडावर उशी धरून हसत होती, आणि हसता हसता तिला दोनदा रडू आलं.

मंगळवारी सूरवाले ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच दारात हजर झाले. इस्त्रीचा कोट, भांग पाडलेला. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी त्यांनी पुढे होऊन सांगितलं, "पेशंट हे आहेत. मी सोबत." खिडकीतल्या मुलीला सूनबाईने आदल्याच दिवशी सगळं सांगून ठेवलं होतं. तिने गालातल्या गालात हसत दोन नावं लिहून घेतली.

बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले. समोर दोन बायका, एक ताप आलेला सुतार. भिंतीवर मोठ्ठ्या कानाचं चित्र होतं, आतली गुंतागुंत रंगवून दाखवलेली. सूरवाले ते बराच वेळ बघत राहिले. एकाएकी उठून जवळ गेले, पियानोचं पोट उघडून बघावं तसं वाकून बघू लागले, आणि परत येऊन बसले.

"व्याही," ते हळूच म्हणाले. हळूच म्हणजे त्यांच्या मते हळूच. सुतारानेसुद्धा मान वर केली. "त्या दिवशी टेकडीवर तो खरंच ओरडत होता?"

पोस्टमास्तरांनी मान डोलावली.

"किती वेळ?"

"आपण उतरेपर्यंत."

सूरवाल्यांनी त्यांच्या ओठांवरून ते वाचलं. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "तुम्हाला ऐकू आला होता."

खोटं बोलायला पोस्टमास्तर कधी मागेपुढे बघत नसत. आत्ताही एखादं सुचलं असतं. पण शेजारच्या माणसाचे हात कोटाचं एकच बटण फिरवत होते. आजवर त्या हातांनी एकही तार हलक्या मनाने ओढली नव्हती. पोस्टमास्तरांना त्यांची फार माया आली, आणि ती आली याचा थोडा रागही आला. त्यांनी व्याह्यांच्या दंडाला हात लावून त्यांना आपल्याकडे बघायला लावलं.

"आला होता," ते म्हणाले.

"माझ्या आधी."

"तुमच्या आधी."

"मग नोंद खोडून टाका. तुमचं नाव लिहा."

"पोस्टातली शाई आहे ती. खोडता येत नाही."

"हलकट आहात," सूरवाले म्हणाले.

त्यांच्या पाठीमागचं दार उघडलं आणि नर्सने आवाज दिला, "चला, पुढचे कोण?"

ठरल्याप्रमाणे पोस्टमास्तर बाकावरून अर्धवट उठले. सूरवाल्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग वळून त्या उघड्या दाराकडे पाहिलं. एक लांब श्वास घेतला, कोट खाली ओढून सारखा केला आणि व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा खाली बसवलं.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "मला बोलावलंय."